चाकावरची मूठभर जागा

जहाजावरून, हिंदी महासागर
१४ जून २०२५

बाबा,

कल्पिताने तुझ्या फोनवर मराठी कीबोर्ड टाकून दिलाय, त्यामुळे आता टाइप येत नाही हे कारण चालणार नाही. मागच्या दोन्ही वेळेला मी फोन केला तर तू उचललास, ‘हॅलो, कोण, मोठ्याने बोला’ म्हणालास आणि ठेवून दिलास. मी इथे एवढा ओरडलो की सेकंड इंजिनीअर धावत आला, म्हणाला, आग लागली काय? बोटीच्या इंजिनाशेजारी बसून तुझे कान गेले, आता माझेही त्याच वाटेने चाललेत. इथलं नेट थेंबथेंब येतं, व्हिडिओ वगैरे विसर. तेव्हा आपण लिहूया.

मुद्द्याचं सांगतो. घरी एक जड खोकं येईल. त्यात माझ्या गाडीच्या स्प्रिंगा आहेत, चारही चाकांच्या. मूळच्या स्प्रिंगांपेक्षा आखूड आणि कडक. त्या बसवल्या की गाडी दीड इंच खाली बसते. तू म्हणशील, चांगली गाडी खाली कशाला आणायची? तू कधी बाजूला उभा राहून बघ. टायर आणि वरच्या मडगार्डच्या मध्ये माझी अख्खी मूठ जाते. रिकामी होडी पाण्यावर कशी टोपलीसारखी तरंगते, तशी दिसते गाडी. स्पोर्ट्‌स कार अशी दिसत नाही. ती रस्त्याला चिकटून पाहिजे.

तुला काही करायचं नाही. माझा मित्र हर्षद येईल, अंधेरीच्या त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये नेईल आणि बसवून परत आणेल. तू फक्त चावी द्यायची.

दर रविवारी इंजिन सुरू करतोस ना? थोडा वेळ जागेवरच चालू ठेवायचं, म्हणजे बॅटरी उतरत नाही. चालवायची नाही, हे आपलं ठरलंय. तुझा मासळीचा टेम्पो नाही तो.

आई कुठे असते? मी गाडी घेतली म्हणून अजून रुसलीय का? विचार तिला.

कृणाल

•

बोरीवली
१९ जून २०२५

चि. कृणाल यास अनेक आशीर्वाद.

खोकं आलं. वॉचमन धम्मपालने वर आणून दिलं. त्याची कंबर धरली, माझी नाही.

गाडी बरी आहे. दर रविवारी सुरू करतो. लोक म्हणतात आवाज फार मोठा आहे. तू सायलेन्सर बदलून घेतलास तेव्हापासून म्हणतात. चेअरमननी बोर्डावर नोटीससुद्धा लावली. मला तर काही मोठा वाटत नाही.

स्प्रिंगांची घाई करू नये असं माझं मत आहे. भरलेली बोट खाली बसते आणि चांगली दिसते, हे खरं. पण तीच बोट खाडीच्या तोंडाशी आली की वाळूला लागते आणि मग आम्ही भरतीची वाट बघत बाहेर थांबतो. रस्त्याला भरती कुठून आणणार? गेल्या वर्षी आपल्या गेटवर बांध घातला ते तुला माहीत आहे. तळमजल्यावर जयवंतरावांच्या घरात दर पावसाळ्यात पाणी शिरायचं म्हणून मीच मीटिंगमध्ये उभा राहून मागणी केली होती आणि ओल्या सिमेंटवर थापीसुद्धा मीच मारली. त्या बांधावरून तुझी गाडी आत्ताच जेमतेम जाते. तू डिसेंबरात आलास की समोर उभा राहून काय ते कर.

आई बरी आहे. गोराईला लग्न आहे, तिकडे गेली आहे. राग म्हणशील तर थोडा आहे. जाईल हळूहळू.

तुझा,
बाबा

•

बोरीवली
२० जून २०२५

चि. कल्पिता,

कृणालचा मेल आला. तुझ्या आईचं विचारत होता. मी गोराईचं लग्न सांगितलं. ती गाडीवरून रागावलीय अशी त्याची समजूत आहे, ती तशीच राहू दिली. रागावलेली आई परवडते. मे महिन्यात तिला झटका आला तेव्हा तू म्हणत होतीस, कळवूया. पण डिसेंबरच्या आधी कंपनी त्याला उतरवणार नाही आणि तो पाण्यावर बसून काय करणार? इंजिनरूममध्ये माणसाचं लक्ष ठिकाणावर पाहिजे. मी आयुष्यभर इंजिनाशी बसलोय, मला माहीत आहे.

आता दुसरी अडचण. त्याला गाडी खाली करायची आहे.

तुला माहीत आहे, मी तिला त्याच गाडीतून व्यायामाला नेतो. रिक्षात नेऊन बघितलं. उजवं अंग लुळं, वळण आलं की ती दारातून बाहेर ओघळायला लागते. फोनवरून मागवलेल्या गाडीवाल्याला तिला चढवेपर्यंत दम निघत नाही, एकजण तर आम्हाला तसंच सोडून निघून गेला. कृणालच्या गाडीची सीट मात्र दोन्ही बाजूंनी वर आलेली आहे. शर्यतीत माणूस हलू नये म्हणून असते म्हणतात. तिला ती मांडीवर घेतल्यासारखी धरते. व्हीलचेअरवरून खाली सरकवायलाही सोपी. माझ्या वयाचा माणूस दोन माणसांच्या लाल गाडीत बायकोला घेऊन फिरतो, लोक हसतात, हसू देत.

व्यायामाच्या बाई म्हणतात, पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते येईल, एकही दिवस चुकवू नका. हात थोडा हलतो. बोलणं तेच. एकच शब्द उरलाय, ‘ताजं’. डॉक्टरांनी नाव विचारलं तर ताजं. चहा देऊ का, तर ताजं. इतकी वर्षं बाजारात पापलेट विकली, त्यातलं तेवढंच जिभेवर राहिलं. मला ऐकू येत नाही, पण ओठांवरून कळतं.

येताना जेट्टीवर गाडी उभी करतो. गोराईला जाणाऱ्या लाँचा बघत बसते. तेवढा वेळ बरी असते.

हे सगळं त्याला न सांगता त्याला नाही कसं म्हणू?

बाबा

•

मुलुंड
२४ जून २०२५

बाबा,

नाही म्हणायचा एकच मार्ग आहे, खरं सांग. मी मे महिन्यापासून तेच म्हणतेय. तो लहान आहे का आता? त्याची आई आहे ती.

उद्या त्याला कळलं की तू त्याची गाडी रोज चालवतोयस, तर तो चिडेल आणि तू गप्प बसशील. मग तो आणखी चिडेल. तुमचं दोघांचं हे नेहमीचं आहे. मध्ये बोलायला आई असायची.

माझी शाळा सुरू झाली, शनिवार-रविवारशिवाय मला मुलुंडहून निघता येत नाही. शनिवारी येते. तोपर्यंत मेल लिहून टाक. लिहिता येत नसेल तर सांग, मी लिहिते.

कल्पिता

•

जहाजावरून, केप टाउनच्या अलीकडे
६ जुलै २०२५

बाबा,

गाडी बांधावरून ‘जेमतेम जाते’ हे तुला कसं कळलं? चालवतोस की काय? खरं सांग.

असो, चालवत नसशील. तू दिलेला शब्द मोडत नाहीस, हे मला माहीत आहे.

ही ट्रिप वाईट चाललीय. लाल समुद्रातून न जाता अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून चाललोय. एक जनरेटर सारखा बंद पडतो, चीफ इंजिनीअर माझ्यावर खेकसतो. समुद्र असा आहे की जेवणाचं ताट मांडीत घेऊन बसावं लागतं. झोप येत नाही तेव्हा मी काय करतो माहितीय? डोळे मिटून गाडी बघतो. खाली बसलेली, चाकावर बोटभरही जागा नाही, आपल्या गेटसमोर उभी. मी बॅग घेऊन टॅक्सीतून उतरतोय आणि ती समोर आहे. एवढंच. डिसेंबरपर्यंत मला तेवढं एकच बघायचंय. तुला हा पोरखेळ वाटेल.

बांधाचं टेन्शन घेऊ नको, तिरकी काढली की निघते. सगळे तसंच करतात. हर्षद १६ तारखेला येतोय, त्याला मी सांगितलंय. चावी दे, प्लीज. वाद नको.

आईला सांग, मी आलो की तिलाच पहिली फेरी मारून आणतो. मग बघू किती वेळ रुसते.

कृणाल

•

बोरीवली
१८ जुलै २०२५

चि. कृणाल यास आशीर्वाद.

हर्षद आला होता. गाडी नेली, दुसऱ्या दिवशी आणली. काम व्यवस्थित झालं म्हणाला, चाकांची अलाइनमेंटही करून घेतली. जुन्या स्प्रिंगा खोक्यात घालून आपल्या दारात ठेवून गेला. मुलगा चांगला आहे, चहा घेतला नाही.

तू म्हणालास तशी दिसते. मूठ जात नाही, बोटं जातात.

तब्येतीला जप. जनरेटरचा डिझेल फिल्टर बघ, आमच्या बोटीला बहुतेक वेळा तेच असायचं.

बाबा

•

जहाजावरून
२७ जुलै २०२५

बाबा,

डिझेल फिल्टरच होता! चीफला मी सांगितलं नाही की बोरीवलीहून निदान आलं.

हर्षदने फोटो पाठवलाय म्हणतो, इथे तो उघडत नाही, नुसता राखाडी चौकोन दिसतो. पण तुझं ‘मूठ जात नाही, बोटं जातात’ वाचलं आणि मला सगळं दिसलं. तू एका वाक्यात लिहितोस आणि फोटोपेक्षा बरं लिहितोस. सगळ्या इंजिनरूमला वाचून दाखवलं. एक फिलिपिनो ऑइलर आहे, इंजिनांचं तेलपाणी बघणारा, त्याला समजावून सांगितलं, तो म्हणाला, युवर फादर इज ए गुड मॅन.

थँक्यू, बाबा. तुला नको होतं तरी केलंस.

आईने बघितली का? काय म्हणाली?

कृणाल

•

बोरीवली
२ ऑगस्ट २०२५

चि. कल्पिता,

तू गेल्या शनिवारी आलीस तेव्हा बोललो नाही, तुझ्यासमोर तिला वाईट वाटलं असतं. तिला सगळं समजतं.

गाडीत मी एकटा असलो तर ती बांधावरून तिरकी काढून निघते. तिला बसवलं की वजनाने खाली येते आणि पोट घासतं. पहिल्या दिवशी असा आवाज झाला म्हणे की वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली. मला आवाज आला नाही, पायाखाली कळलं. बोट खडकावर बसते तेव्हा असंच कळतं. तुझी आई दाराला धरून ओरडत होती, तेही मला वळून बघितल्यावर दिसलं.

मग बोट ओढताना लावतो तशा दोन फळ्या आणल्या. धम्मपाल बांधाच्या दोन्ही बाजूंना लावायचा, गाडी गेली की काढायचा. दोनतीन दिवस जमलं. मग एक फळी सटकली, पुढचा खालचा पत्रा फुटला आणि मागे चार मोटरसायकली अडकल्या. चेअरमन म्हणाले, अनंतराव, हे रोज नाही चालणार. बरोबर आहे त्यांचं.

बांध थोडा उतरवून घ्या असं सांगायला जयवंतरावांकडे गेलो होतो. दारातच त्यांनी मला धरून आत नेलं, कोरडी जमीन दाखवली, आणि म्हणाले, तुमच्यामुळे या वर्षी पलंग विटांवर चढवावा लागला नाही. मी चहा पिऊन परत आलो.

आता असं करतो. गाडी रिकामी बाहेर काढतो, रस्त्याच्या कडेला लावतो. परत येऊन तिला व्हीलचेअरवरून गेटबाहेर नेतो आणि रस्त्यावरच गाडीत घेतो. परवा तिथेच घसरली. व्हीलचेअर आणि गाडी यांच्यामध्ये खाली बसली. मागून बस हॉर्न देत होती म्हणे. धम्मपाल धावला. लागलं नाही कुठे, पण साडी चिखलात, आणि माणसं बघत उभी. तिने पदर डाव्या हाताने डोक्यावर ओढून घेतला. बाजारात कंबरेवर हात ठेवून उभी राहणारी बाई ती.

शिवाय स्प्रिंगा कडक आहेत. प्रत्येक खड्डा तिच्या उजव्या खांद्याला कळतो. तो खांदा सांध्यातून सैल झालाय.

आज तिने घराच्या दाराची चौकट धरून ठेवली, गाडीत बसायला तयार नाही. डाव्या हाताला अजून जोर आहे. तो सोडवणं मला जमलं नाही. जोर लावला असता तर जमलं असतं, लावला नाही.

बाबा

•

मुलुंड
१२ ऑगस्ट २०२५

कृणाल,

हा मेल बसून वाच.

आईला १७ मे रोजी पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ती जिवंत आहे, घरी आहे, माणसं ओळखते. लग्नाला वगैरे गेली नव्हती. तुझ्यावर रागावलेली पण नाही. बाबाने सांगायचं नाही म्हटलं आणि मी ऐकलं, त्याबद्दल मला हवं ते बोल, पण नंतर.

दुसरं. बाबा तिला तुझ्या गाडीतून फिजिओथेरपीला नेत होता. रिक्षात ती बसू शकत नाही, तुझ्या गाडीच्या त्या खोल सीटमध्ये बसू शकते. तिचा हात हलायला लागला होता, आधार धरून उभी राहत होती. गाडी खाली केल्यापासून ती गेटच्या बांधावरून माणसांसकट निघत नाही. आई रस्त्यावर पडली. आता ती गाडीत बसायला तयार नाही, आणि दहा दिवस झाले तिचा व्यायाम बंद आहे. घरी येणारी एक बाई मिळालीय, तीही फक्त बुधवारी.

तू गाडीसाठी जे लिहिलं होतंस, जनरेटर, झोप, गेटसमोर गाडी दिसते वगैरे, ते बाबाने मला वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाला, याला नाही कसं म्हणू? म्हणून चावी दिली. तुला दोष देत नाहीये. तुला माहीतच नव्हतं. पण आता माहीत आहे.

जुन्या स्प्रिंगा परत लावायच्या का ते सांग. बाबा तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. तुला दिलेला एक शब्द त्याने आधीच मोडलाय, आणि ते त्याच्या मनाला लागलंय.

कल्पिता

•

जहाजावरून
१३ ऑगस्ट २०२५

बाबा,

ताबडतोब जुन्या स्प्रिंगा लाव. आजच्या आज हर्षदला फोन कर, नाही, मीच त्याला मेल केलाय. तू फक्त खोकं दे.

गाडी चालव. हवी तेवढी चालव. खरचटू दे, फुटू दे.

मी कॅप्टनकडे गेलो होतो. तो चांगला माणूस आहे, त्याने कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की पुढच्या बंदराबाहेर जहाजांची लांब रांग आहे, आणि माझ्या जागी यायला माणूस नाही. आधी नोव्हेंबर म्हणाले, मग डिसेंबरच. मी विचारलं, मधल्या एखाद्या बंदरात उतरलो तर? कॅप्टन म्हणाला, मधलं बंदरच नाही.

तू मला सांगायला हवं होतंस. हे मी चारदा लिहिलं आणि चारदा खोडलं. मला माहीत असतं तर मी काय केलं असतं? इथेच असतो. पण स्प्रिंगा पाठवल्या नसत्या. तेवढं तरी.

ती रागावलीय असं मी तीन महिने समजत होतो. तिच्यासाठी केपच्या बंदरातून एक शाल मागवलीय, मनधरणी करायला.

तिला माझा मेल वाचून दाखव. हा नाही, दुसरा लिहितो, तो.

कृणाल

•

बोरीवली
२५ ऑगस्ट २०२५

चि. कृणाल यास आशीर्वाद.

तुझा दुसरा मेल तिला दोनदा वाचून दाखवला. दोन्ही वेळेला ताजं म्हणाली. शालीचंही सांगितलं.

स्प्रिंगांचं लिहायला उशीर झाला, कारण शोध चालू होता. आता स्पष्ट लिहितो.

हर्षद खोकं दारात ठेवून गेला होता. नारळी पौर्णिमेच्या आधी तुझा चुलतभाऊ बाळ गोराईहून आला होता. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपून बोटी सुटायच्या होत्या, जाळ्यांना वजनं बांधायची त्याची धावपळ चालली होती. दारातलं लोखंड बघून म्हणाला, काका, हे काढून टाकलेलं आहे का? मी म्हटलं, हो, ने. आपल्यात जुनं लोखंड घरात पडून ठेवत नाहीत, जाळ्याला बांधतात. माझ्या बापानेही इंजिनाचे तुकडे तसेच बांधले. तेव्हा ते परत लागेल असं माझ्या मनात आलं नाही. गाडीतून काढलं म्हणजे काढलं, एवढंच डोक्यात होतं.

तुझा मेल आल्यावर मी पहिल्या लाँचने गोराईला गेलो. जाळं समुद्रात होतं. बाळ दुसऱ्या दिवशी ओढायला गेला, मीही बोटीवर गेलो, बऱ्याच वर्षांनी गेलो. जाळ्याचा एक कोपरा कुठल्याशा खडकाला लागून फाटला होता. दोन स्प्रिंगा मिळाल्या. दोन तळाला राहिल्या. बाळने तीन फेऱ्या मारल्या, माणूस खाली उतरवला, गाळात काही दिसत नाही.

मिळालेल्या दोन हर्षदला नेऊन दाखवल्या. एक पुढची निघाली, एक मागची. त्याने त्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. म्हणाला, काका, दोन्ही पुढच्या असत्या तर काहीतरी केलं असतं.

बाळ रडला. मी त्याला म्हटलं, तुझं काय त्यात.

बाबा

•

मुलुंड
१४ सप्टेंबर २०२५

कृणाल,

तू मागवलेल्या नव्या मूळ स्प्रिंगांची मी चौकशी केली. ते मॉडेल बंद झालंय, बाहेरून येतील, डिसेंबर म्हणतात. ज्याला बघावं तो डिसेंबर म्हणतो.

गणपतीत जयवंतकाका वर आले होते, आईला बघायला. तेव्हा त्यांना बांधाचं कळलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच हातोडा घेऊन गेटवर उभे राहिले, म्हणाले, माझ्या घरात पाणी येऊ दे. बाबाने त्यांच्या हातातला हातोडा काढून घेतला. त्याच आठवड्यात पाऊस झाला, रस्त्यावर गुडघाभर पाणी, आणि बांधाच्या आत थेंब नाही. दोघं म्हातारे छत्री धरून ते बघत उभे होते.

आईचा हात पुन्हा आखडलाय. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, बघू. आधी म्हणायच्या, येईल. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही, आपलं ठरलंय.

एक बरं झालंय. बाबा रविवारी इंजिन सुरू करायला जातो, तेव्हा आईला खाली घेऊन जातो. गाडी पार्किंगमध्येच असते, हलत नाही, त्यामुळे ती बसते. सीटमध्ये नीट बसवतो, दार लावतो, स्वतः स्टिअरिंगवर बसतो आणि गाडी सुरू करतो. ती डावा हात समोर डॅशबोर्डवर ठेवते, इंजिनाची थरथर हाताला लागते म्हणून असेल. दोघं भिंतीकडे बघत बसतात. वॉचमन मला म्हणाला, ताई, कुठे निघाल्यासारखे दिसतात.

कल्पिता

•

बोरीवली
३ नोव्हेंबर २०२५

चि. कृणाल यास अनेक आशीर्वाद.

जहाज नांगरलंय, सिग्नल आहे, आणि रविवारी सकाळी फोन करतो, असं तू कळवलंस म्हणून कल्पिता मुलुंडहून आली होती. रविवार असल्याने आम्ही नेहमीप्रमाणे गाडीत होतो. तुझा फोन आला तेव्हा कल्पिताने फोन तिच्या डाव्या हातात दिला, कानाला लावून दिला, आणि तिची साडी नीट करायला पिन हवी म्हणून वर गेली. मी शेजारी होतो.

तिने बराच वेळ ऐकलं. मग ती बोलली.

मी तिच्याकडे बघत होतो. ‘ताजं’ म्हणताना तिचे ओठ कसे होतात ते मला पाठ आहे. हे ते नव्हतं. पुष्कळ बोलली. मधे थांबली, पुन्हा बोलली. ओठ मिटत होते, उघडत होते, मला लावता आलं नाही. सहा महिन्यांत असं झालं नव्हतं. मी तिचा हात धरला आणि विचारलं, काय म्हणालीस, मथुरा? तर माझ्याकडे बघून म्हणाली, ताजं.

कल्पिता खाली येईपर्यंत फोन बंद झाला होता. व्यायामाच्या बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, शब्द कोणते होते ते कळलं तर फार उपयोग होईल, त्यावरून पुढचं शिकवता येतं.

ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. तुला आलं असेल. जसं म्हणाली तसं लिहून पाठव. अर्धवट असलं तरी चालेल.

बाबा

•

जहाजावरून
५ नोव्हेंबर २०२५

बाबा,

तुझा मेल दोन दिवस उघडून ठेवलाय. काहीतरी लिहून द्यावं असं मनात आलं. ‘बाळा, लवकर ये’ म्हणाली, असं लिहिलं होतं. खोडलं. आपण आता खोटं लिहायचं नाही.

मला काही ऐकू आलं नाही. आधी वाटलं लाइन खराब आहे, मग वाटलं वारा आहे. मग ओळखलं. आपल्याच गाडीचं इंजिन होतं. मी ‘आई, आई’ करत राहिलो आणि तिकडून नुसतं ते इंजिन. मधे एकदोनदा खाली काहीतरी हललं, आवाज असेल तिचा. मग लाइन तुटली.

बाबा, तुला तो आवाज मोठा वाटत नाही. तो फार मोठा आहे. सोसायटीवाले उगाच नोटीस लावत नव्हते. तो तसा यावा म्हणून मी स्वतः सायलेन्सर बदलून घेतलाय. गॅरेजमध्ये उभा राहून त्या माणसाला म्हणालो होतो, अजून थोडा मोठा कर.

या रविवारीही आम्ही इथेच आहोत. मी त्याच वेळेला फोन करतो. तिला गाडीतच बसव, तिथे ती बोलली आहे. तिच्या बाजूची काच खाली ठेव. कल्पिताला तिच्या दाराशी उभी कर, तिलाही ऐकू दे, वर जाऊ देऊ नको. आणि रविवार असला तरी इंजिन सुरू करू नकोस. बॅटरी उतरली तर उतरू दे.

कृणाल